उघडं की झाकलेलं

आमच्या वॉर्डात आवाज चढवायची मुभा दोघांनाच आहे, बाळांना आणि मला. त्यामुळे आरोग्य खात्याचा आकडेवाला माझ्याच टेबलापाशी उभा राहून, माझ्याच कपातला चहा पीत, "वर्षअखेरीला हा वॉर्ड बंद करायचं चाललंय," असं म्हणाला तेव्हा मी आवाज चढवला. पाळण्यांतल्या दोघांनी लगेच मला साथ दिली.

हा वॉर्ड नवजात बाळांच्या ऑपरेशनचा. मी इथली मुख्य नर्स, आणि माझ्या पाठीमागे सगळे मला हवालदार म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडे येणाऱ्या काही बाळांच्या पोटाची भिंत आईच्या पोटात असताना नीट मिटलेलीच नसते. त्यात दोन प्रकार. एकात बेंबीच्या जागीच मोठा फुगवटा असतो. आतडी बाहेर असतात, पण त्यांच्यावर निसर्गानेच एक पातळ, चकचकीत पडदा घातलेला असतो आणि नाळ त्या पडद्यावरच उगवलेली असते. याला आम्ही वॉर्डात 'झाकलेलं' म्हणतो. दुसऱ्यात नाळ आपल्या जागी शहाण्यासारखी असते, पण तिच्या उजव्या अंगाला एक भोक असतं आणि त्यातून आतडी तशीच उघडीवाघडी बाहेर आलेली असतात. हे 'उघडं'. उघड्या बाळाला वेळ नसतो. आतडी गार पडतात, सुकतात, त्यांना पीळ बसतो. ऑपरेशनची सोय जवळ असेल तर यातली बहुतेक बाळं वाचतात आणि पुढे इतर मुलांइतकाच उच्छाद मांडतात.

"उघडी बाळं वाढतायत," मी म्हणाले. "मी इथं लागले तेव्हा असं बाळ आलं की बाकीच्या वॉर्डांतून लोक बघायला यायचे. आता कुणी मान वर करत नाही. आणि तुम्हाला आत्ताच कुलूप लावायचं सुचतंय?"

"वाढतायत असं दिसतं," तो म्हणाला. तो शांत माणूस आहे, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर वेगवेगळ्या देशांच्या रेघा होत्या. "हा देश बघा, चढण. हा दुसरा, हाही चढतोय. हा शेजारचा मात्र सपाट. का? तिथं अजून उघडं आणि झाकलेलं एकाच रकान्यात लिहितात. आपल्या जुन्या नोंदीही तशाच आहेत. 'पोटाच्या भिंतीचा दोष', एवढंच. मग दोन नावं वेगळी झाली आणि उघड्यांचा आकडा वर गेला. कदाचित बाळं तेवढीच असतील, सिस्टर. समिती हेच म्हणणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतंय."

"म्हणजे मी थापा मारतेय."

"तुम्हाला जे आठवतंय ते तुम्ही सांगताय. समितीला आठवण चालत नाही. मला पटवून द्या, मी त्यांना पटवतो." त्याने कप धुऊन जागेवर ठेवला आणि गेला. कप धुणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

भांडण सोडून देण्याचा माझा स्वभाव नाही, पण या वेळी स्वभावापेक्षा मोठं कारण माझ्या घरात बसलं होतं. ढब्बू. माझ्या बहिणीची मुलगी. लहानपणी गाल असे होते की दुसरं नाव शोभलंच नसतं. आता तिचं विसावं सरलं नव्हतं, सहावा महिना चालू होता, आणि सोनोग्राफीत बाळाच्या नाळेच्या उजव्या अंगाला भोक दिसलं होतं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर, महिनोन्‌महिने पाण्यात. सासूबाईंनी रिपोर्ट ऐकून "आमच्या घराण्यात असलं कधी झालं नाही" एवढं म्हटलं आणि मग ती काय खात होती, काय पीत होती, किती वाजता झोपत होती याची उलटतपासणी सुरू केली. तिसऱ्या दिवशी ढब्बू बॅग घेऊन माझ्या दारात.

तिची तारीख नव्या वर्षातली होती. वॉर्ड बंद झाला तर बाळाला राजधानीच्या रुग्णालयात न्यायचं, म्हणजे अर्ध्या दिवसाचा रस्ता. आधीच जाऊन राहा, असं सांगणारे भेटतात. कुणाकडे राहायचं ते सांगत नाहीत. त्यात ही बाळं तारखेला कधी जुमानत नाहीत, आधीच येतात. लांबून आलेली उघडी बाळं मी पाहिली आहेत. त्या आतड्यांचा रंग मला कुणी समजावून सांगायला नको.

"मावशी," ती त्या संध्याकाळी म्हणाली, "पूर्वी असं होत नव्हतं का गं? म्हणजे माझंच काहीतरी चुकलं?"

"तुझं काही चुकलेलं नाही."

"तुला कसं माहीत?"

अशा बाळांच्या आया पुष्कळदा कोवळ्या वयाच्या असतात हे मला माहीत होतं. का, ते जगात कुणालाच माहीत नव्हतं. तिला जवळ घेऊन चार गोड शब्द बोलता आले असते, पण ही पोरगी माझ्याच वळणावर गेलेली. तिला गोड शब्द पचत नाहीत.

जुन्या नोंदी मुक्या होत्या, पण आया मुक्या नव्हत्या. ज्या बाईने आपल्या बाळाला तसं पाहिलं ती जन्मात विसरणार नाही. नाव-पत्ते होते. मी रजा टाकली. ढब्बू सोफ्यावर पाय पसरून फोन लावायची आणि मी बसने, पायी, कुणाच्या स्कूटरवर मागे बसून घरोघर जायची. प्रश्न एकच. बाळ पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आतड्यांवर काही होतं की ती उघडीच होती?

आया खरंच विसरल्या नव्हत्या. वाणसामानाच्या दुकानातली एक बाई गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून माझ्याशी बोलली. "पातळ पडदा होता, काचेसारखा," ती म्हणाली. "आतलं सगळं दिसत होतं. मला वाटलं, चला, देवाने निदान झाकून तरी पाठवलंय." दुसरीनेही पडदा सांगितला, तिसरीनेही. जुन्या काळातल्या जवळपास सगळ्यांनी. म्हणजे जुनी बाळं झाकलेली आणि आताची उघडी. वाढ खरी, आणि थोडीथोडकी नाही. ढब्बूने एका मोठ्या कागदावर रेघ काढली तर ती कागद सोडून भिंतीवर जायला निघाली. मी हवेत होते. आकडेवाल्याला काय काय ऐकवायचं याची मनातल्या मनात तालीमही झाली.

रजा संपवून कामावर गेले आणि पहिल्याच सकाळी खालच्या प्रसूतिगृहातून फोन आला. उघडं बाळ. मी आणि नवी नर्स धावलो. तिने शिकवल्याप्रमाणे बाळाची आतडी पारदर्शक प्लास्टिकमध्ये अलगद गुंडाळली, ऊब राहावी, ओल जाऊ नये म्हणून. मग बाळ उचलून आईला दाखवलं. आईने मान उचलून पाहिलं.

"पडदा आहे ना वरती?" ती हुंदका आवरत म्हणाली. "बरं झालं."

आमच्या वॉर्डाची ही रीत माझ्याही आधीपासूनची. आईला बाळ दाखवायचं ते गुंडाळून. उघडी आतडी बघून तिचा धीर सुटू नये म्हणून. दुकानातल्या त्या बाईने, आणि तिच्यासारख्या सगळ्यांनी, जो काचेसारखा पडदा पाहिला तो देवाने घातलेला होता की आम्ही, हे कोण सांगणार? ज्यांना खरंच झाकलेलं बाळ झालं त्याही तेच सांगणार आणि उघडं झालं त्याही. मी घरोघर फिरून आमच्याच प्लास्टिकची साक्ष गोळा केली होती.

मनात आलं, गप्प बसावं. आकडेवाल्याला प्लास्टिकचं काय माहीत? पण मग ढब्बूला "माझं चुकलं का" याचं उत्तर मी कुठल्या तोंडाने देणार होते? दुपारी मीच त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "हे समितीत कुणी काढलं असतं तर तिथंच संपलं असतं, सिस्टर."

"संपलेलं तर आताही आहे."

"तसं वाटत नाही तुमच्या आवाजावरून," तो म्हणाला.

घरी ढब्बूने कागदाची घडी घातली. फाडला नाही. "सगळ्यावर पाणी फिरलं ना?" ती म्हणाली. "मग आता कुणाला विचारायचं?"

बाळांना. हे मला भांडी घासताना सुचलं. आमचे थोरले डॉक्टर निवृत्त होईपर्यंत या वॉर्डातली ही सगळी ऑपरेशनं त्यांच्याच देखरेखीखाली झाली, आणि त्यांची एक अट होती. बेंबी असेल तर तिला हात लावायचा नाही. भोक शेजारून शिवायचं. एखाद्या नवशिक्याची कात्री तिकडे वळली तर ते चिमट्याने बोटावर मारायचे. "ती आईची सही आहे, खोडायची नाही," म्हणायचे. झाकलेल्या बाळाला मात्र बेंबी उरतच नाही, नाळ पडद्यावर असते ना. तिथं कुणी म्हणालं, आईबापांच्या समाधानासाठी कातडीची एक बेंबी करून देऊ, तर ते आणखी भडकायचे. "खोटी सही मी करणार नाही." पुढच्या डॉक्टरांनी बेंब्या करून दिल्या, पण तोवर नोंदीत दोन नावं वेगळी झालेली होती. म्हणजे जुन्या काळाचं उत्तर त्या मुलांच्या पोटावरच होतं. बेंबी असेल तर उघडं, नसेल तर झाकलेलं. आणि ती मुलं आता घोड्याएवढी झाली होती.

आकडेवाल्याने ऐकलं आणि दोन अटी घातल्या. पोटाचा फोटो काढायचा, पण त्यावर जन्माचं साल लिहायचं नाही. आणि बेंबी आहे की नाही हे मी ठरवायचं नाही.

"का? मला बेंबी ओळखता येत नाही?"

"तुम्हाला वॉर्ड हवाय," तो म्हणाला. "माणसाला जे हवं असतं ते दिसतं." राग आला, पण मुद्दा नाकारता येईना. नुकतंच तोंडावर आपटले होते मी.

तर पुन्हा दारोदार. या वेळी चांगल्या थोराड माणसांना सांगायचं की, बाबा, शर्ट वर कर. एका बँक मॅनेजरने केबिनचं दार लावून, पडदे ओढून, टाय तसाच ठेवून पोट दाखवलं आणि फोटो काढताना श्वास आत ओढून धरला. मी म्हटलं, सोडा, मला तुमचं लग्न जमवायचं नाहीये. पोहायला शिकवणारी एक मुलगी म्हणाली, "तलावावर रोज कुणीतरी टक लावून बघतं. कामासाठी विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या." एका घरात आईने दार उघडलं आणि मुलगा बाळपणीच गेल्याचं सांगितलं. मी तिच्याजवळ तासभर बसले. तिथं काही मोजायचं नव्हतं.

एका वेल्डरने मात्र दार तोंडावर आपटलं. "मी काय प्रदर्शनात मांडलेला आहे?" तो आतून म्हणाला. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा ढब्बू हट्टाने बरोबर आली. जिना चढून धापा टाकत तिने दार वाजवलं.

"दादा, मी बघायला नाही आले," ती बंद दाराला म्हणाली. "माझ्या पोटात तुमच्यासारखंच एक आहे. मोठं झाल्यावर कसं दिसतं ते मला कुणी सांगत नाही."

दार उघडायला थोडा वेळ लागला. गडी आडवातिडवा होता, दंडावर ठिणग्यांचे डाग. त्याने बनियन वर केलं. पोटावर उजवीकडे एक आडवा, पांढुरका व्रण, आणि त्याच्या शेजारी चांगली खोल, ठसठशीत बेंबी. ढब्बू बघत राहिली.

"दुखतं?"

"थंडीत ओढल्यासारखं होतं. बाकी काही नाही. दोन माणसांचं जेवतो." मग जरा थांबून म्हणाला, "शाळेत पोरं विचारतील. वाघाशी मारामारी झाली म्हणून सांगायला शिकवा. माझं बारा वर्षं चाललं."

परत येताना बसमध्ये ढब्बू कितीतरी दिवसांनी हसली. मी खिडकीकडे तोंड करून बसले, कारण माझं काही खरं नव्हतं.

फोटो घेऊन आकडेवाला आणि मी थोरल्या डॉक्टरांच्या घरी गेलो. गुडघे गेलेत, जीभ शाबूत. त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक पोट बघायला लागले. "बेंबी आहे. इथं नाही. आहे. हा टाका कुणाचा, सुतारकाम केलंय? बेंबी आहे, पण." मध्येच एका फोटोवर भिंग बराच वेळ थांबलं. "ही जगेल असं मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. ती पोहायला शिकवणारी मुलगी होती. मी तसं सांगितलं तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो पुसून संपेचना.

सगळे फोटो झाल्यावर आकडेवाला म्हणाला, "आणि जे गेले त्यांचं?"

गेलेल्यांचं पोट कुठून आणणार?

"ते सगळे उघडे धरायचे," तो हळूच म्हणाला. "ज्यांचा पत्ता लागला नाही तेही. सगळे तुमच्या विरुद्ध, म्हणजे जुना आकडा होईल तितका मोठा. एवढं करूनही वाढ उरली, तर ती कुणालाही खोडता येणार नाही."

मी भडकले. ती सगळी उघडी नव्हती, मी स्वतः काही हातांवर घेतली होती, झाकलेली, हृदयात दोष असलेली, जी दोन दिवसही टिकली नाहीत. पण मी नावानिशी कुणाचं सांगू शकत होते? "धरा," मी म्हणाले. "सगळी धरा."

त्याने डॉक्टरांच्या टेबलावरच हिशेब केला. मी खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. ढब्बूने काढलेली रेघ आता बरीच खाली आली होती. भिंतीवर काय, कागदाच्या निम्म्यावरही पोचत नव्हती. पण ती चढत होती. "वाढ आहे," तो म्हणाला. 'दिसतं' हा शब्द त्याने पहिल्यांदाच गाळला.

समितीपुढे तो बोलला, मी मागे बसले होते. त्याने आमचं प्लास्टिकही सांगितलं, लपवलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वाढ कशामुळे होतेय, सिस्टर?"

"माहीत नाही."

"काहीच अंदाज नाही?"

"अंदाज जगभर चाललेत. वय म्हणतात, धूर म्हणतात, औषधं म्हणतात. ज्या पोरीने यातलं काहीच केलं नाही तिलाही होतं. ज्यांच्या रेघा आपल्यासारख्या चढतायत त्या देशांनाही माहीत नाही. पण कुणा बाईच्या घराण्याने होत नाही आणि झोपायच्या वेळेने होत नाही, एवढं मी सांगते. मोजत राहिलो तर कधीतरी कळेल. मोजायला बाळं इथं पोचायला हवीत, आणि जिवंत पोचायला हवीत."

त्यांनी आमचे पाळणे कमी केले आणि वॉर्ड दोन वर्षांसाठी ठेवला. दोन वर्षांनी पुन्हा बघू म्हणाले. मीही मनात म्हटलं, बघूच. एक अट त्यांनी घातली आणि एक मी. त्यांची अशी की प्रत्येक बाळ गुंडाळण्याआधी नीट पाहून प्रकार नोंदवायचा. माझी अशी की आईला हवं असेल तर तिनेही पाहायचं. वॉर्डात यावर कुरबुर झाली. बाया घाबरतील, म्हणाल्या. मी म्हटलं, आपण झाकलं म्हणून त्या घाबरायच्या राहिल्या नव्हत्या, फक्त चुकीचं बघून घाबरत होत्या.

ढब्बूला तारखेच्या पुष्कळ आधी, एका दुपारी कळा सुरू झाल्या. आकडेवाल्याचा फोन येऊन गेला, वेल्डरचाही. जहाजावरच्या जावयाला निरोप धाडला. मुलगी झाली. रडली, आणि चांगलीच रडली. नवी नर्स प्लास्टिक घेऊन तयार उभी होती, ते बाळाकडे न्यायला तिने हात पुढे केले.

"थांब," मी म्हणाले. "आधी आईला."

मी बाळ ढब्बूसमोर धरलं. दोन श्वास, त्याहून जास्त वेळ नाही. ओली, लालसर आतडी, दिव्याखाली चकाकत होती. ढब्बूने घाबरून डोळे मिटले नाहीत. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, नाळेपाशी थांबली, मग उजवीकडे. वेल्डरच्या पोटावर तिने जिथं पाहिलं होतं तिथंच.

"बेंबी आहे तिला," ती म्हणाली. "उघडं. लिहून घे, मावशी."

"घेतलं."

"आता झाक तिला. गार पडेल."

मी झाकलं. राजधानी अर्ध्या दिवसावर होती. आमचं ऑपरेशन थिएटर एक जिना वर होतं. मी बाळ छातीशी धरलं आणि चढायला लागले.